सोडण, काथ्या आणि सरकारी अनुदान : कोकणात नव्याने उद्योग काढणाऱ्यांसाठी

कोकणात नारळ सोलला की सोडण, म्हणजे नारळावरची तंतुमय साल, दोनच ठिकाणी जातं. एक तर आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत, नाहीतर माडाच्या आळ्यात. तिकडे तमिळनाडूत पोल्लाची परिसराने याच सोडणाचा काथ्या आणि कोकोपीट (रोपांसाठी मातीऐवजी वापरायचा भुसा) करून परदेशात बाजार मिळवला. आपल्याकडच्या कित्येक नर्सऱ्या कलमांसाठी लागणारं कोकोपीट गाडीभाडं भरून तिथूनच मागवतात. ज्या गावात सोडण जळतं, त्याच गावात त्याचा भुसा विकत येतो.

त्यामुळे "काथ्याचा कारखाना काढावा म्हणतो, अनुदान किती मिळेल?" असा प्रश्न दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. मुंबईची नोकरी सोडून गावी आलेला मुलगा असतो, बचत गटातली ताई असते, निवृत्त शिक्षक असतात. प्रश्नाची सुरुवातच अनुदानापासून होते आणि तिथेच घोडं पेंड खातं. अनुदान सगळ्यात शेवटी, तीन वर्षांनी खात्यात वळतं. हप्ता मात्र सवलतीचे सुरुवातीचे महिने संपले की लगेच सुरू होतो. मधला काळ धंद्याने स्वतःच्या पायावर काढायचा असतो. हे ज्याला पटलं त्याने पुढे वाचावं.

मी काथ्याचं उदाहरण घेतलंय, कारण तो धंदा मला जवळून माहीत आहे. पण राखेच्या विटा, हातमाग, सेंद्रिय खत असं काहीही डोक्यात असलं तरी क्रम बहुतेक हाच राहतो.

पहिली पायरी : आधी सोडण मोजा

योजनेचा फॉर्म उघडण्याआधी वही उघडा. शंभर सोडणांतून साधारण आठ-नऊ किलो काथ्या निघतो आणि त्याच्या दुपटीच्या आसपास भुसा. हा भुसा म्हणजेच कोकोपीटचा कच्चा माल. म्हणजे काथ्याचा कारखाना म्हटलं तरी वजनाने बघता तुम्ही भुशाचाच कारखाना काढताय. पूर्वी हा भुसा टाकाऊ समजून त्याचे ढीग लावत. आज निम्मा जमाखर्च त्याच्यावर उभा राहतो. ज्याच्या हिशेबात भुशाला ओळच नाही, त्याने फेरहिशेब करावा.

सोडण सोलण्याचं छोटं यंत्रसुद्धा दिवसाला काही हजार सोडणं खातं. आपल्याकडे एकरच्या एकर माडबागा थोड्या, परसातले दहा-वीस माड जास्त. सोडण आहे, पण विखुरलेलं आहे. ते वजनाला हलकं आणि आकाराला दांडगं असल्यामुळे टेम्पो भरतो पण माल भरत नाही. पंधरा-वीस किलोमीटरच्या पलीकडून आणायला लागलं की भाडंच नफा खातं. म्हणून एक महिना फक्त हेच काम करा. नारळ सोलून विकणारे व्यापारी कोण, त्यांच्याकडे आठवड्याला किती सोडण पडतं, ते आज त्याचं काय करतात, कितीला देतील, हे विचारत फिरा. फुकट पडलेल्या वस्तूला गिऱ्हाईक दिसलं की तिची किंमत वाढते, तेव्हा आजचा भाव हिशेबात धरू नका.

शहाळ्याचं सोडण वेगळं. ते ओलं आणि जड असतं, धागा कच्चा असतो. हॉटेलवाले आनंदाने उचलून देतात म्हणून त्याच्या भरवशावर दोरीचा धंदा उभा करू नये.

याच महिन्यात प्रशिक्षणाचीही चौकशी करा. काथ्या मंडळ, म्हणजे कॉयर बोर्ड, १९५३ च्या काथ्या उद्योग कायद्याने स्थापन झालेलं आहे आणि केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाखाली येतं. मुख्यालय कोचीला, मोठं प्रशिक्षण केंद्र अलप्पुळजवळ कलवूरला, आणि सिंधुदुर्गातही कार्यालय आहे. काथ्याकामात उतरलेल्या महिलांसाठी मंडळाची वेगळी योजना आहे, त्यात सूत कातायच्या यंत्र-रहाटाला अनुदान मिळतं. वेंगुर्ल्यात काथ्या कामगार महिलांची सहकारी संस्था आहे. यंत्र विकणाऱ्याचा व्हिडिओ बघण्यापेक्षा चालू कारखान्यात दोन दिवस उभं राहिलेलं बरं. धूळ किती उडते, सोडण झोडपणारा बीटर कितीदा अडकतो, काथ्या वाळवायला किती अंगण लागतं, हे व्हिडिओत दिसत नाही.

दुसरी पायरी : कुठल्या दारात जायचं

नावं भरपूर आहेत. नवख्याच्या कामाच्या दोनच.

पहिली, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. २००८ पासून चालू असलेली केंद्राची योजना, खादी व ग्रामोद्योग आयोगामार्फत. अर्ज ऑनलाइन करायचा आणि तो करताना राबवणारी यंत्रणा निवडायची: आयोग, राज्याचं खादी ग्रामोद्योग मंडळ, जिल्हा उद्योग केंद्र किंवा काथ्यासाठी काथ्या मंडळ. २०२२ पासून उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा ५० लाख आहे, सेवा उद्योगासाठी २० लाख. ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला २५ टक्के अनुदान, शहरात १५ टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग अशा विशेष प्रवर्गाला ग्रामीण भागात ३५ आणि शहरात २५ टक्के. स्वतःचा वाटा सर्वसाधारणाला १० टक्के, विशेषाला ५ टक्के. वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत. उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर असेल तर किमान आठवी पास. एका कुटुंबातून एकच अर्ज.

दुसरी, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. ही राज्याची, २०१९ पासूनची. अनुदानाचा साचा जवळजवळ केंद्राच्या योजनेसारखाच, पण अर्जदार महाराष्ट्राचा अधिवासी हवा. जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी ग्रामोद्योग मंडळ ती राबवतात. वय, शिक्षण आणि मर्यादेच्या अटी मधूनमधून बदलतात. केंद्राच्या योजनेलाही २०२५-२६ पर्यंतचीच पंचवार्षिक मंजुरी होती. त्यामुळे उद्योग केंद्रात गेल्यावर चालू वर्षाचं परिपत्रक मागून घ्या. शेजाऱ्याला तीन वर्षांपूर्वी काय मिळालं, त्यावर जाऊ नका.

दोन्हीकडून अनुदान मिळत नाही, एकच दार निवडायचं. कुठलं, याचं माझं उत्तर साधं आहे. तुमच्या तालुक्यातल्या बँकेने गेल्या वर्षी ज्या योजनेची प्रकरणं जास्त मंजूर केली, तिच्यात जा. कागदावरचा फरक थोडा, टेबलावरचा फरक मोठा.

मुद्रा कर्जात अनुदान नसतं. हे दहादा सांगूनही लोक अकराव्यांदा विचारतात. तुमचा माल खाण्याचा असेल, म्हणजे खोबरेल, नारळाची बर्फी, चटणी, तर काथ्याची वाट सोडून २०२० पासूनच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेकडे वळा. तिथे ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे, आणि चालू उद्योगालाही मिळतं.

आता आकडे. समजा वेंगुर्ला तालुक्यातल्या एका गावात एक ताई १० लाखांचा प्रकल्प घालतात. स्वतःचे ५० हजार. बँकेचं कर्ज साडेनऊ लाख. अनुदान ३५ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. ही रक्कम ताईंच्या हातात पडत नाही. ती बँकेतच तीन वर्षांच्या ठेवीत त्यांच्या नावावर अडकून राहते. तेवढ्या रकमेवर बँक कर्जाचं व्याज लावत नाही आणि ठेवीवर व्याज देतही नाही. तीन वर्षं कारखाना चालला, पडताळणी झाली, की ती कर्जात वळती होते. मधे कुलूप लागलं तर अनुदान परत जातं. म्हणजे अनुदान हे मिळकत धरायचं नसतं, ते कर्जातून वजा होणारं वचन आहे. यंत्राचा बेल्ट तुटला तर त्यातून एक रुपया निघत नाही.

तिसरी पायरी : यंत्र घ्यायची घाई करू नका

ही पायरी खरं तर 'थांबा' अशी एका शब्दाची आहे. दोन्ही योजना नव्या उद्योगासाठी आहेत. उसने पैसे घेऊन यंत्र बसवलं, बिलं फाडली, आणि मग अर्ज केला, तर तो चालू उद्योग ठरतो आणि प्रकरण तिथेच बाद. भावाच्या नावावर आधीच काढलेल्या धंद्याला बायकोच्या नावाने नवा म्हणून दाखवायची शक्कलही लढवू नका. पडताळणीला माणूस प्रत्यक्ष येतो आणि गावात कुणाचं काय चाललंय हे चहाच्या टपरीवर कळतं.

तोवर कागद जमवा: आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, जागा ग्रामीण भागात असल्याचा दाखला, ग्रामपंचायतीची ना-हरकत, महावितरणकडे थ्री-फेज जोडणीची चौकशी. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. रोहित्र लांब असलं की खांब आणि वायरचा खर्च अंदाजापेक्षा बराच मोठा निघतो, आणि तो यंत्राच्या कोटेशनमध्ये कुठेच नसतो.

चौथी पायरी : सातबारा

कोकणातल्या माणसाला याचं वेगळं प्रकरण लागतं. सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळची नावं. त्यातले दोन काका मुंबईला, एक आत्या बडोद्याला, एक चुलतभाऊ कुठे आहे ते देवाला ठाऊक. जागा तुमच्या ताब्यात आहे, पण सही एकट्याची चालत नाही.

यातून मार्ग आहे. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरताच येत नाही, तेव्हा जमीन विकत घेण्याचा विचार सोडा. शेड भाड्याने घ्या. नोंदणीकृत भाडेकरार, तोही कर्जाच्या मुदतीइतका. स्वच्छ सातबारा असलेल्या शेजाऱ्याची पडीक शेड, बंद पडलेली काजूची फॅक्टरी, औद्योगिक वसाहतीतला गाळा, काहीही चालतं. घरच्याच सामाईक जागेत करायचं असेल तर सगळ्या हिस्सेदारांची संमतीपत्रं घ्या. आणि ती गणपतीत घ्या. वर्षात तेवढेच दिवस सगळे एका छपराखाली असतात. आरतीनंतर, जेवणाआधी विषय काढावा. जेवणानंतर पत्ते सुरू होतात.

पाचवी पायरी : प्रकल्प अहवाल

हा अहवाल पाच हजार रुपये घेऊन कुणीतरी छापून देतो. नावं बदललेली, आकडे तेच. बँकेच्या मॅनेजरने तसले वीस पाहिलेले असतात. अहवाल स्वतः करा. भाषा साधी चालेल, पण आकड्याला आधार हवा.

यंत्राची दोन-तीन कोटेशनं जोडा, ती जीएसटी क्रमांक असलेल्या विक्रेत्याचीच. आमच्या पहिल्या प्रकरणात आम्ही ओळखीच्या फॅब्रिकेटरचं कोटेशन लावलं होतं. यंत्र चांगलं होतं, किंमत कमी होती, पण त्याला जीएसटी नोंदणीच नव्हती. प्रकरण दीड महिना एका बँकेच्या टेबलावर पडून राहिलं, आणि कशासाठी अडलंय हे आम्हाला कुणी सांगितलंही नाही. आम्हीही विचारायला गेलो नाही. चूक दोन्हीकडची होती.

वर्षाचे बारा महिने धरू नका. जून ते सप्टेंबर काथ्या वाळत नाही, ओलं सोडण साठवायला छप्पर लागतं, आणि ओल्या काथ्याला भाव पडतो. आठ महिन्यांच्या उत्पादनावर बारा महिन्यांचे हप्ते बसतात का, ते बघा. बसत नसतील तर प्रकल्प लहान करा, किंवा पावसाळ्यात करायचं काम आधीच ठरवा. साठवलेल्या काथ्याची दोरी वळणं, पायपुसणी विणणं, कोकोपीटच्या विटा दाबणं हे छपराखाली होतं.

आणि सर्वात महत्त्वाचं, गिऱ्हाईक. "बाजारपेठेत मोठी मागणी आहे" हे वाक्य अहवालातून काढून टाका. त्याजागी आसपासच्या चार नर्सऱ्यांची पत्रं लावा: आम्ही महिन्याला इतकं कोकोपीट घेतो, दर्जा बरा असेल तर यांच्याकडून घेऊ. पश्चिम महाराष्ट्रातले पॉलिहाऊसवाले कोकोपीट वापरतात, पण ते त्यातलं मिठाचं प्रमाण मोजून घेतात. धुतलेल्या आणि न धुतलेल्या मालाच्या भावात मोठा फरक पडतो. तुम्ही कुठला विकणार, हे अहवालात लिहा.

सहावी पायरी : बँक

अर्ज यंत्रणेकडून बँकेत जातो, आणि खरा निर्णय तिथेच होतो. उद्योग केंद्राने शिफारस केली म्हणजे कर्ज मंजूर झालं असं नसतं. अर्ज करताना जिथे तुमचं जुनं खातं आहे, व्यवहार दिसतात, तीच शाखा निवडा. घरातल्या कुणाचं पीककर्ज थकलं असेल, तुम्ही कुणाला जामीन राहिला असाल, तर ते आधी निस्तरा.

तारणाची भीती बाळगू नका. सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. त्यावरच्या रकमेसाठी सरकार आणि सिडबी या लघुउद्योगांच्या बँकेने २००० मध्ये उभी केलेली पतहमी निधीची, म्हणजे तारणाऐवजी बँकेला कर्जाची हमी देणारी, व्यवस्था आहे, तिच्याखाली कर्ज घेता येतं. त्याची वार्षिक फी लागते, ती हिशेबात धरा. मॅनेजरने तरी तारण मागितलं तर भांडू नका, पतहमीखाली प्रकरण घ्या अशी लेखी विनंती द्या. नकार आला तर तोही लेखी मागा. लेखी नकार द्यायला कुणाला आवडत नाही, त्यामुळे पुष्कळदा फाईल पुन्हा उघडते.

मंजुरीनंतर उद्योजकता प्रशिक्षण करावं लागतं. २ लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला ते सक्तीचं नाही, ५ लाखांच्या वर दहा दिवसांचं. लोक ते उरकून टाकतात. पण जमाखर्च आणि जीएसटीचे दोन दिवस तरी नीट बसा.

फोन करून "तुमचं अनुदान मंजूर झालंय, फाईल चार्ज भरा" असं सांगणारे भेटतील. अर्जाला फी नाही. पुढे लागणाऱ्या उद्यम नोंदणीलाही, म्हणजे सूक्ष्म-लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी करायच्या नोंदीलाही, नाही. १ जुलै २०२० पासून ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन मोफत होते, तरी गावोगावी तिचे हजार-दीड हजार घेणारे बसलेत.

सातवी पायरी : पर्यावरणपूरक म्हणजे नेमकं काय

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांना प्रदूषणाच्या गुणांवरून रंग दिले: सर्वात जास्त प्रदूषणाला लाल, मग नारिंगी, हिरवा, आणि सर्वात कमी प्रदूषणाला पांढरा. नारळाच्या सोडणापासून काथ्याच्या वस्तू करणं पांढऱ्या यादीत आहे. राखेच्या विटा, रंगकाम नसलेलं हातमागाचं विणकाम आणि हाताने मिसळलेलं सेंद्रिय खतही त्याच यादीत. पांढऱ्या वर्गाला संमतीपत्राची गरज नाही, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवणं पुरे. २०२५ मध्ये या वर्गवारीत फेरफार झाले, म्हणून कळवण्याआधी ताजी यादी पाहून घ्या.

पण यादीत पांढरा म्हणजे गावालाही पांढरा, असं समजू नका. काथ्याला रंग द्यायला किंवा ब्लीच करायला लागलात की सांडपाणी आलं, आणि सांडपाणी आलं की वर्ग बदलू शकतो. कोकोपीट धुतलेलं पाणी खारट असतं. ते शेजाऱ्याच्या भातात सोडलं तर पहिली तक्रार ग्रामसभेत येईल. केरळात सोडण महिनोन्महिने खाडीच्या पाण्यात कुजवून पांढरा काथ्या काढतात. त्याने पाण्यातला प्राणवायू खाल्ला जातो आणि दुर्गंधी सुटते. आपल्याकडे यंत्राने सुक्या सोडणाचा तपकिरी काथ्या काढावा, हेच बरं. यंत्राभोवती धुळीसाठी आडोसा आणि कामगारांच्या तोंडाला मास्क, हा खर्च अहवालातच टाका.

सुरू झाल्यावर

उद्यम नोंदणी झालेल्या उद्योगाला काही दारं उघडतात. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्यांना त्यांच्या वार्षिक खरेदीतला किमान २५ टक्के माल सूक्ष्म-लघुउद्योगांकडून घ्यावा लागतो, त्यात ३ टक्के महिला उद्योजकांकडून. त्यासाठी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर नाव घाला. २०२० मध्ये केंद्राने ग्राम सडक योजनेच्या रस्त्यांखाली काथ्याची जाळी अंथरायचं ठरवलं, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ३२८ किलोमीटर होते. जाळी विणणं पहिल्या वर्षीच्या कारखान्याचं काम नव्हे. पण जाळीवाल्याला सूत पुरवता येतं.

मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे थकवले तर कायदा तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. त्यासाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. कायम गिऱ्हाइकावर तक्रार करावी की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी बहुतेकदा नुसतं त्या कलमाचं पत्र पाठवतो, तेवढ्याने भागतं.

पहिली तीन वर्षं कारखान्यावर योजनेची पाटी ठेवा, खरेदीची बिलं आणि यंत्रांचे क्रमांक एका फाईलमध्ये जपा. पडताळणीला आलेला माणूस तेच मागतो. त्यानंतर अनुदान वळतं झालं आणि धंदा चांगला असला, तर विस्तारासाठी केंद्राच्या योजनेत दुसरं कर्ज आहे. उत्पादनाला १ कोटीपर्यंत, १५ टक्के अनुदानासह.

आता अर्ज कधी करायचा? मृग बरसला की. कागद, बँक, प्रशिक्षण या सगळ्यात चार-पाच महिने सहज जातात. जूनमध्ये हललात तर यंत्र दिवाळीच्या सुमाराला येतं आणि तिथून पुढे मेपर्यंतचं सुकं ऊन हाताशी असतं. दिवाळीनंतर अर्ज केलात तर यंत्र मार्च-एप्रिलात, पाऊस तोंडावर आल्यावर येईल, आणि पहिला हप्ता ओल्या सोडणाच्या ढिगासमोर बसून भरावा लागेल.